रविवारची वाटी

“नैवेद्य दाखवून होईस्तोवर जिभेला काही लावायचं नाही. मीठ किती, हे हाताला विचारायचं, जिभेला नाही.”

लग्न होऊन परतवाड्याला आले त्या वर्षी सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं. त्या रविवारी सकाळी त्याच शब्दांत, त्याच आवाजात त्या अनसूयाबाईंना सांगत होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या होत्या. अंगावर सोवळं, मांडीवर वातींचा कापूस.

“हो जी,” अनसूयाबाई म्हणाल्या. “आमच्याकडेही तसंच असते.”

“तुमच्याकडे पानं किती?”

“दहा-बारा.”

“इथे साठ असतात.”

“हात तेवढाच असतो, आई. गंज मोठा घ्यायचा.”

ताई, म्हणजे माझी मोठी जाऊ, पुरणाच्या डाळीकडे तोंड वळवून हसली. सासूबाई हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. त्यांना उत्तर आवडलं की त्या गप्प बसायच्या.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. आमच्या घरच्या महालक्ष्म्या गावात नावाजलेल्या. पहिल्या दिवशी यायच्या, दुसऱ्या दिवशी जेवायच्या, तिसऱ्या दिवशी जायच्या. त्या दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक सासूबाईंनी एकेचाळीस वर्षं एकहाती केला होता. सोळा भाज्या, पुरण, वडे, आंबील, कढी. त्या वर्षी गुडघे धरले म्हणून थोरल्या भाऊजींनी ठरवून टाकलं की आई आता बसून सांगेल, करायला बाई आणू. आई म्हणाल्या, “आणा.” एवढंच म्हणाल्या.

अनसूयाबाई कासारओळीत राहायच्या. नैवेद्याच्या स्वयंपाकाला त्यांना बोलावणारं आमचं तिसरंच घर. पण आमच्या पंगतीला गावातली पंधरा-वीस घरं जेवायची. आमच्याकडे जमलं की त्यांना पुढे बोलावणी येणार, आणि नाही जमलं तर कोणी कारणसुद्धा विचारणार नव्हतं. ‘बाई चांगली आहे हो, पण हाताला यश नाही,’ एवढं एक वाक्य पुरतं आमच्या गावात. पहाटे विहिरीवर पाणी ओढताना त्या मला म्हणाल्या होत्या, “कुमुदताई, आज माझी परीक्षा आहे. आणि पेपर चाखून पाहायची सोय नाही.”

माझे नेम तेव्हाही होते, आजही आहेत. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही. जेवताना बोलायचं नाही, बोलले तर जेवण तिथंच संपलं. आणि रविवारी अळणी जेवायचं, एकदाच, सूर्य असेतो. रविवारी मी मिठाच्या बरणीला हातसुद्धा लावत नाही. घरात कोणाला याचं कौतुक नव्हतं. ताई म्हणायची, “हिचा रविवार आला की पुण्य हिला आणि मीठ वाढायचं काम मला.”

त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण नेमकं रविवारी आलं होतं.

सकाळी ताईनं ताक घुसळून कढीसाठी मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, भरून ठेवला आणि वर ताट झाकलं. आंबिलीचं ताक निराळं होतं, ते आदल्या दिवशीच आंबिलीत गेलं. मग समोरच्या खोलीत पूजा सुरू झाली आणि आम्ही तिघी सोवळ्यातच आरतीला गेलो. सासूबाई उठल्या नाहीत. “मला इथून ऐकू येते. इथूनच हात जोडते.” आम्ही परतलो तेव्हा त्या पाटावर तशाच होत्या, वाती वळत.

“आज रविवार नं ग, कुमुद?”

“हो, आई.”

सकाळपासून त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं होतं. माझ्या उपासाची काळजी करताहेत असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

कढी अनसूयाबाईंनीच केली. बेसन थोड्या ताकात कालवलं, आलं-मिरची घातली, दुसऱ्या पातेल्यात फोडणी दिली, गंज तिरका करून वरचं ताक त्यात ओतलं, तळाशी थोडं ठेवलं, कढी दाटलीच तर सैल करायला. उकळी फुटायच्या आत खाली उतरवली आणि मीठ हातात घेण्याआधी मला म्हणाल्या, “तुमची वाटी काढा आधी.”

मी डावानं माझी वाटी भरून घेतली आणि खिडकीत तुळशीचं पान टाकून झाकून ठेवली. मगच त्यांनी बरणीतलं मीठ डावात घेतलं. पाहिलं, थोडं परत बरणीत टाकलं, उरलेलं कढीत सोडलं. त्यांचा हात मी पाहिला.

नैवेद्य झाला. पहिली पंगत बावीस पानांची. मला सूर्य असेतो जेवायचं म्हणून आईंनी पहिल्याच पंगतीला बसवलं, अगदी टोकाला, दाराशी. समोर नागपूरच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, दरवर्षी येणाऱ्या आणि दरवर्षी काहीतरी काढणाऱ्या. त्यांच्या शेजारी दप्तरदारांच्या वहिनी, ज्यांच्याकडे येत्या माघात नातवाची मुंज होती, आणि मुंजीचा स्वयंपाक अनसूयाबाईंनी करावा असं आदल्या दिवशीच जवळजवळ ठरलं होतं.

वरणभात झाला, पुरण झालं. भाऊजी स्वतः तूप वाढत होते. मग कढीभात आला.

पंगत गप्प झाली. जेवताना माणसं चव लागली म्हणून गप्प होतात ती शांतता वेगळी असते. ही तशी नव्हती.

“वहिनी,” आत्याबाईंनी सासूबाईंना हाक मारली, “यंदा कढी केली की लोणचं मुरवलं?”

दोन-चार जणी हसल्या. दप्तरदारांच्या वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी कढीचा भात हलकेच ताटाच्या कडेला सारला. ते मला हसण्यापेक्षा वाईट दिसलं.

भाऊजींनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि बोटावर कढीचा थेंब घेतला. त्यांचा चेहरा बदलला. चार पावलांत ते स्वयंपाकघराच्या दाराशी होते. मी दाराशीच बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“अनसूयाबाई, मीठ किती घातलं?”

“डावभरही नाही जी. थोडं परतच टाकलं.”

“मग ही काय चव आहे?”

“मला चव माहीत नाही, साहेब. चाखलं नाही मी.”

“चाखायचं नसतं म्हणून हात सवयीचा लागतो,” आत्याबाई जागेवरूनच म्हणाल्या. “चाळीस वर्षं आमच्या वहिनींनी केलं, एकदा खडा जास्त नाही की कमी नाही. सांगतच होते मी, बाहेरची बाई नको.”

“पुढच्या पंगतीचं शैला पाहील,” भाऊजी म्हणाले. शैला म्हणजे ताई. “तुम्ही राहू द्या आता. या तुम्ही.”

‘या तुम्ही’ हे त्यांनी सभ्यपणेच म्हटलं. तसं म्हटल्यावर माणसाला भांडताही येत नाही.

मी वाटीतल्या कढीचा पहिला घास तोवर घेतला होता. पंगत बोलत असताना तो माझ्या तोंडात होता.

खारट. नुसता खारट.

पहिल्यांदा मनात आलं ते खोटं कशाला सांगू, अनसूयाबाईंचं नव्हतं. माझा रविवार मोडला, हेच आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग घास गिळला आणि दुसरं आलं. ही वाटी तर मी त्यांनी मीठ घालायच्या आधी काढली होती.

उंबऱ्याकडे पाहिलं. सासूबाई तिथं बसून होत्या. वाती वळणारे हात थांबले होते.

जेवताना बोलायचं नाही. बोलले की ताट संपलं, आणि रविवारी दुसरं ताट नाही. पुरण अजून तसंच होतं, माझ्या अळणी वड्याला हातही लागला नव्हता. आज लिहिताना हे किती क्षुल्लक वाटतं. त्या क्षणी क्षुल्लक नव्हतं. ज्या देवतेच्या घरी मी जेवायला बसले होते तिच्यासमोर ताट टाकून उठायचं होतं.

“भाऊजी,” मी म्हणाले, “अनसूयाबाईंनी मीठ घालायच्या आधी मी माझी वाटी काढली होती. ही वाटीही खारट आहे.”

माझा आवाज मुळात लहान. पण मी ताटावर बोलले याचाच लोकांना इतका धक्का बसला की वाढपीसुद्धा जागच्या जागी थांबले. आमचे हे पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पाणी वाढत होते. तांब्या तिरका धरलेला, आणि पाणी कोणाच्या तरी पेल्यातून वाहून पाटावर.

“म्हणजे?” भाऊजी म्हणाले.

“म्हणजे कढीत मीठ आधीच होतं. त्यांनी घातलं ते बरोबरच होतं. पण ते दुसरं होतं.”

“मग पहिलं तू घातलंस काय?” आत्याबाई.

“आत्याबाई, ती रविवारी मिठाच्या बरणीजवळून जाताना पदरसुद्धा आवरून जाते,” ताई आतून म्हणाली. मी तिचे उपकार त्या वेळी मानले नाहीत, पुढे मानले.

“मग मीठ काय आकाशातून पडलं?” भाऊजी म्हणाले. “कुमुद, जेव तू. पाहुणे बसलेत. नंतर पाहू. ताटावर बोलायचं नाही हा तुझाच नेम आहे नं?”

“होता. आजचा झाला.”

मी ताटाभोवती पाणी फिरवून नमस्कार केला आणि उठले. बावीस माणसांसमोर, अर्ध्या ताटावरून. हात धुवून मागच्या दाराशी गेले तोवर उशीर झाला होता. अनसूयाबाई सोवळं बदलून निघून गेल्या होत्या. उपाशी. ओटी न भरता. ज्या सवाष्णीनं देवीचा नैवेद्य रांधला ती आमच्या घरातून रिकाम्या पदरानं गेली.

दुसऱ्या पंगतीची कढी ताईनं पाणी आणि बेसन वाढवून सावरली. लोक जेवले, सुपारी घेतली, गेले. दप्तरदारांच्या वहिनी जाताना सासूबाईंना म्हणाल्या, “मुंजीला आम्ही आमच्या पुतणीलाच बोलावतो म्हणते मी. घरचं ते घरचं.”

सासूबाई म्हणाल्या, “तुमची मर्जी.”

उन्हं उतरली होती. ताई आणि मी मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाशी बसलो. मी तो ढीग उपसू लागले.

“काय शोधून राहिली?”

“ताकाचा गंज.”

“तो न्हाणीपाशी आहे. तळाशी ताक होतं म्हणून मी ओतला नाही. काहून?”

गंज जिथल्या तिथं होता. मी हात धुतले, तळाशी उरलेल्या ताकात बोटं घातली आणि बोटं खरखरली. तळ चाचपून मूठ बाहेर काढली, ताईसमोर उघडली. मिठाचे खडे. पांढरे, अर्धवट विरघळलेले, हरभऱ्याएवढे.

अनसूयाबाईंनी घातलं ते बारीक मीठ होतं, फळीवरच्या काचेच्या बरणीतलं. खडेमीठ आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं, उंबऱ्यालगतच्या कोनाड्यात, दगडी कुंडीत. ते एकच माणूस वापरायचं. सासूबाईंची पद्धत अशी, की ताक घुसळून झालं की त्यातच मूठभर खडे सोडायचे, म्हणजे ते उन्हात आंबत नाही, आणि मग कढीत वरून मीठ घालायचंच नाही. एकेचाळीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं. पण आज करणाऱ्या त्या नव्हत्या. सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी हात झटकून सांगितलं होतं, ‘मी आज कशाला शिवणार नाही, ही करील तसं.’

ताई खड्यांकडे पाहत राहिली. “आरतीच्या वेळी,” ती म्हणाली.

“हो.”

“सवयीनं पडलं असेल हातून. एक मूठ.”

“ताई, एक मूठ सकाळपासून ताकात राहिली तर खडे उरतात का? कढीत गेलं ते वेगळं, तळाशी राहिलं ते हे. ही एक मूठ नाही. तीन तरी आहेत.”

तिला समजलं. मलाही ते बोलतानाच समजलं. आज रविवार नं ग, कुमुद. आज रविवार नं ग.

ताईनं माझ्या हातातले खडे घेतले आणि पाण्यात टाकले. मग गंज ओढला, तिरका केला, राख घेतली आणि घासायला लागली, खसखसून.

“काय करता?”

“मोठा गंज आहे. घासायला नको?”

“ताई.”

“हे बघ कुमुद. त्या बाईला पन्नास घरं आहेत. आईंना हे एकच.” तिनं वर पाहिलं नाही. “आणि हे कळलं तर यांचा स्वभाव तुला माहीत आहे. उद्यापासून आईंना पलंगावरून उतरू देणार नाहीत.”

“पन्नास घरं कुठली? तीन आहेत. आणि आजच्यानंतर एकही नाही.”

“मग काय, आईंचं नाव पंगतीत घ्यायचं?”

“मी कोणाचं नाव घेणार नाही,” मी म्हणाले. “पण तिचं घेतलेलं परत घ्यावं लागेल.”

त्या रात्री मी पाणी पिऊन झोपले. झोप चांगली लागली, हे सांगायला हवं. मला वाटलं होतं नेम मोडल्याचं मनाला लागून राहील. राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या जायच्या. दहाच्या आत हलवायच्या, असं गुरुजी सांगून गेले होते. आमच्या घरची रीत अशी, की उत्तरपूजा झाली की धाकट्या सुनेनं मुखवट्यांवर अक्षता टाकायच्या. तिच्या अक्षता पडल्या की देवी निघाल्या. मग मुखवटे उतरवायचे, साड्या सोडायच्या. थोरल्या सुनेनं त्यांना आणायचं, धाकटीनं पाठवायचं. कोणी घालून दिलं कोण जाणे, पण मोडलं कोणी नव्हतं.

सगळे जमले. आत्याबाई, भाऊजी, ताई, हे. सासूबाई खांबाला टेकून पाटावर. ताईनं तबक माझ्यासमोर धरलं. मी अक्षता मुठीत घेतल्या आणि उभी राहिले.

“टाक नं,” हे म्हणाले.

“अनसूयाबाईंची ओटी भरल्याशिवाय टाकणार नाही.”

मी पुढे म्हणाले, “नैवेद्य रांधणारी सवाष्ण उपाशी गेली. तिची ओटी राहिली. देवी कशा जातील?”

“देवींना आमंत्रण तू दिलं होतं काय, निरोप अडवायला?” आत्याबाई म्हणाल्या. “वहिनी, ही सून आहे तुमची की सासू?”

“कुमुद, तिची ओटी घरी पोचती करू,” भाऊजी समजुतीनं म्हणाले. “गड्याबरोबर पाठवतो. झालं?”

“नाही, भाऊजी. ती सगळ्यांसमोर गेली. सगळ्यांसमोर यायला हवी.”

हे जवळ आले, हळूच म्हणाले, “अग, असं चारचौघांत…”

“तिलाही चारचौघांतच म्हटलं नं, ‘या तुम्ही’?”

मी आवाज चढवला नाही. मला तो चढवता येतच नाही, लहानपणापासून. पण त्या दिवशी मला कळलं की आवाज चढला नाही की समोरच्याला काय करावं ते सुचत नाही. भाऊजी चष्मा काढून पुसत राहिले.

“ठीक,” ते म्हणाले. “तिनं नाही घातलं म्हणतेस. मग सांग कोणी घातलं. माहीत आहे तुला?”

“माहीत आहे.”

ताईच्या हातातलं तबक किंचित वाजलं.

“मग सांग.”

“ते सांगायचा हक्क माझा नाही.”

“म्हणजे सांगणारही नाहीस आणि अक्षताही टाकणार नाहीस.”

“हो, भाऊजी.”

“साडेनऊ झालेत.”

“होऊ द्या.”

अकरा वर्षांत मी त्या घरात कोणाला एकदाही ‘होऊ द्या’ म्हटलं नव्हतं. मूठ घामानं ओली झाली होती, तांदूळ तळव्याला चिकटत होते. पण मूठ मी उघडली नाही.

“कुमुद,” सासूबाई म्हणाल्या, “मला जरा आत ने.”

मी त्यांना हात दिला. देवघराशेजारच्या खोलीत त्या पलंगावर बसल्या आणि दार लोटायला सांगितलं.

“शैला म्हणाली, गंज घासला.”

“हो.”

“त्याआधी तू पाहिलास.”

“हो, आई.”

“किती होतं?”

“तीन तरी मुठी पडल्या असतील.”

त्यांनी मान हलवली, एखाद्याचा हिशेब बरोबर निघावा तशी. “मला आठवत नाही ग. हेच तर आहे. घातलं नाही, असं म्हणायला जाते तर म्हणवत नाही. घातलं म्हणायला जाते तर हाताला खूण सापडत नाही. तुम्ही आरतीला गेल्या, मी म्हटलं, अरे, ताकात मीठ राहिलंच. मग परत वाटलं, राहिलंच.” त्या थांबल्या. “दर वेळी पहिलंच वाटतं.”

“किती दिवस झाले?”

“होळीपासून. जवळजवळ. तुळशीला पाणी घालते, परत घालते. गुडघ्यांचं निमित्त बरं झालं. मीच दिगंबरला म्हटलं, बाई आण.” भाऊजींचं नाव दिगंबर. “मला वाटलं, हात लावला नाही तर चूक होणार नाही.”

मी त्यांच्या पायाशी बसले. बाहेर आत्याबाईंचा आवाज येत होता, गुरुजींना बोलवा म्हणत होत्या.

“आई, काल पंगतीत तुम्हाला समजलं होतं?”

“तू वाटीचं बोललीस तेव्हा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग का गप्प बसले, असं विचारणार आहेस.”

“नाही.”

“विचार. विचारावं असंच आहे. मला भीती वाटली. एकदा हे फुटलं की दिगंबर मला चुलीपाशी जाऊ द्यायचा नाही, दारापाशी जाऊ द्यायचा नाही. चांगली साडी नेसवतील, कोपऱ्यात बसवतील, येणारा-जाणारा नमस्कार करील. जिवंतपणी महालक्ष्मी करतील माझी. नुसता मुखवटा.” त्यांचा हात माझ्या बंद मुठीवर आला. “त्या बाईपेक्षा मला माझी भीती मोठी वाटली. हे पाप आहे, ते मला माहीत आहे.”

जे खरं होतं तेच मी म्हणाले. “तुमच्या विसरण्याचं मी कोणाला सांगणार नाही. ताईही नाही सांगणार. तुम्ही चुलीपाशी असाल तेव्हा मी शेजारी असेन. मिठाची कुंडी माझ्याकडे राहील. रविवारीसुद्धा.”

“रविवारी तू मिठाला शिवत नाहीस.”

“शिवेन.”

त्यांनी पदर मांडीवर सारखा केला.

“पण तिचं तुम्हाला सांगावं लागेल, आई. माझ्या तोंडून नाही. आणि गड्याबरोबर ओटी नाही.”

“नाही तर तू अक्षता टाकणार नाहीस.”

“नाही टाकणार.”

“दहा वाजून गेले तरी?”

“संध्याकाळ झाली तरी. उद्या झाला तरी.”

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण शब्द ओले नव्हते. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता हात झिडकारतील. अकरा वर्षांपूर्वी घरात आलेली सून, जिला त्यांनीच कढीला फोडणी द्यायला शिकवलं, ती त्यांच्यासमोर बसून त्यांना अट घालत होती.

“मी जाईन,” त्या म्हणाल्या. “तिच्या दारी जाईन आणि तिला घेऊन येईन. शब्द दिला. दे, माझी ती जांभळी शाल दे.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा भाऊजी अंगणात येरझाऱ्या घालत होते. सासूबाईंनी देवीसमोरच्या तबकातून खण, नारळ आणि तांदळाची वाटी उचलली, पदरात घेतली.

“कुठे निघालीस, आई?”

“अनसूयाबाईकडे. कालचं मीठ मी घातलं होतं. ताकात. तिला न सांगता.” मग आत्याबाईंकडे वळल्या. “तुम्ही जेवल्याशिवाय नागपूरला जाऊ नका, वन्सं. दप्तरदारांकडेही निरोप पाठवा, दुपारी या म्हणावं. तिच्या हातची कढी आहे आज.”

आत्याबाईंनी सरकून त्यांना वाट करून दिली. मी ते पहिल्यांदा पाहिलं.

“आई, तू कशाला अंगावर घेतेस…” भाऊजी म्हणाले.

“अंगावर नाही घेत. माझंच आहे.”

“बरं, मग थांब, स्कूटर काढतो. तुझे गुडघे…”

“शब्द मी दिला आहे, दिगंबर. तुझ्या स्कूटरनं नाही दिला.”

ताईनं पुढे होऊन त्यांच्या पायाशी चपला ठेवल्या. मीही पदर खोचला, बरोबर निघावं म्हणून. सासूबाईंनी न पाहताच हात आडवा केला.

“तू इथं थांब. देवींपाशी तू हवीस.” आणि मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, “कासारओळ नं?”

“हो. गिरणीपासून डावीकडे. निळं दार.”

“डावीकडे. निळं दार.”

त्या पायऱ्या उतरल्या, एकेक, कठड्याला धरून. फाटकाबाहेर पडल्या. गल्लीत ऊन पसरलं होतं. समोरच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, कारण आम्हा पळसोकरांच्या थोरल्या बाई पदरात ओटी घेऊन एकट्या, पायी, कोणाच्या दारी जाताना त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

मी फाटकाच्या गजाला धरून उभी होते, दुसऱ्या हातात अक्षतांची मूठ.

पिठाच्या गिरणीपाशी त्या थांबल्या. उजवीकडे पाहिलं, बाजाराकडे. मग समोर. गिरणीचा पट्टा खडखडत होता. माझ्या मागे भाऊजी म्हणाले, “काय झालं? थांबली काहून?”

“ओटी सावरताहेत,” मी म्हणाले.

त्यांनी पदर नीट केला, नारळ छातीशी धरला आणि डावीकडे वळल्या.